आत्यांचे मोजे, माझा परकर

मोजे विणता येत नसताना "मी विणते मोजे!" असं मी भरल्या घरात ओरडून सांगितलं, आणि मग पुढचे सगळे महिने ते वाक्य निस्तरत बसले. माझं हे नेहमीचंच आहे. राग आला की तोंड आधी पळतं आणि मी मागून चपला शोधत जाते.

झालं असं, की आमच्या मळवलीतल्या बचत गटाच्या बायकांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमून मनालीला जायचं ठरवलं. गव्हाचा दाणा घरात आला की वैशाखात निघायचं, लावणीच्या आत परत. यात सगळ्यात जास्त उड्या मारत होत्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. उड्या मारत होत्या म्हणजे, आत्या काही तोंडानं बोलल्या नाहीत. कौतुक करणं, हौस सांगणं हे त्यांच्या स्वभावात नाही. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातचं जेवून "बरं झालंय" असा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही. पण टीव्हीवर बर्फ दिसला की त्यांच्या हातातली मेथी निवडायची थांबते, हे मला माहीत होतं. त्यांची आजवरची सगळ्यात लांबची मजल म्हणजे तुळजापूर.

अडचण पायांची होती. थंडीत त्यांच्या पायाची बोटं आधी पांढरी पडतात, मग निळी, आणि मग अशी ठणकतात की त्या चुलीपुढून हलत नाहीत. तळेगावच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पाय गरम राहणार असतील तरच जा. जाड लोकरीचे मोजे पाहिजेत. नाहीतर आजी, बर्फ टीव्हीवरच बघा."

मी लोणावळ्याच्या बाजारातून मोजे आणले. आत्यांनी पाय घातला, ओढला, आणि जोडव्यांनी मोज्याला भोक पाडून बोटासकट बाहेर येऊन हवा खाल्ली. आत्यांची जोडवी म्हणजे माझ्या जोडव्यांसारखी नावापुरती तार नाही. जाड, वेढ्यांची, जुनी चांदी आहे. दुसरा जोड आणला, त्याचीही तीच गत.

"मग काड की चार दिस जोडवी," मामा म्हणाले. "मी काय लगेच मरत न्हाई."

आत्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ती वेळ आत्ताच आली की काय असं आम्हाला वाटलं.

"मालक बसलंय समोर जित्तं आन् जोडवी काडून बर्फ बघायचा व्हय? नगं मला तुमचा बर्फ." आणि त्यांनी लगेच गटाच्या अध्यक्षीणबाईंना फोन लावला, "माजं नाव खोडा" म्हणून.

मला असा संताप आला! बाई आयुष्यभर चिखलात उभी राहिली, एकदा काहीतरी मागितलं, तेही न बोलता, आणि ते दोन चांदीच्या वेढ्यांवरून अडायचं? मी फोन हिसकावून घेतला. "काही खोडायचं नाही! मी विणते मोजे!"

मग माझे यजमान, जे चाकणच्या कंपनीतून नुकतेच येऊन चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. "तू? तुला माझ्या शर्टाचं बटण लावायला दिवाळी उजाडते."

आता हे मी अगदीच हवेत बोलले नव्हते. मी लोणावळ्यात बंगले भाड्यानं देणाऱ्या एका ऑफिसात कामाला आहे. पाहुणे बंगल्यात जे विसरून जातात ते सगळं आमच्या लोखंडी कपाटात येतं. चार्जर, टॉवेल, पोहायचे कपडे, एकदा तर कवळी. आत्या मळवलीच्याच एका बंगल्याची झाडलोट बघतात, त्यांनी मागच्या वर्षी तिथली एक कापडी पिशवी आणून माझ्यापुढे टाकली होती. "ह्या काड्या कसल्या बघ गं. मटनाला खुपसायच्या का काय?" पिशवीत करड्या आणि टोमॅटोसारख्या लाल लोकरीचे गुंडे होते आणि दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा पाच सुया. ती विसरून गेलेल्या पाहुण्यांना मी फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "आजीला आता दिसत नाही. तुमच्याकडे कुणी विणत असेल तर विणू दे." तेव्हापासून मी दुपारच्या वेळी सुया परजत होते. एक मफलर विणलाही होता. तो बघून जो तो "हे काय आहे?" विचारायचा, पण होता मफलरच.

तर भांडवल एवढंच. बाकी सगळी बोलाचीच कढी.

शिकवायला होती मोबाइलवरची एक परदेशी बाई. गोरीपान, हसरी, मागं खिडकीत फुलं. ती काय बोलते ते मला निम्मं कळायचं नाही, पण हात दिसायचे. चार सुयांवर टाके वाटून घ्यायचे, पाचवीनं विणत गोल गोल फिरायचं. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट. ती दर दोन मिनिटांनी "आरामात, आरामात" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायची. तिच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नसणार, दुसरं काय! माझ्या हातात एक सुई विणत असताना बाकीच्या घसरून खाली पडायच्या आणि टाके बिचारे उघडे पडायचे. मी शिव्या द्यायचे. सुयांना, बाईला, तिच्या फुलांना.

गाडीत विणावं म्हटलं, तर मळवलीला चढून सुया बाहेर काढेपर्यंत लोणावळा येतं. म्हणून मी फलाटावर बसून विणायला लागले आणि लोकल आली की सुया तशाच छातीशी धरून चढायचे. माझ्याभोवती आपोआप जागा व्हायची. ऑफिसात टेबलाखाली विणायचे. एकदा कुरवंड्याच्या बाजूच्या बंगल्यातून एका पाहुण्याचा फोन, गीझर चालत नाही. मी फोन मानेत धरून मोजत होते आणि तोंडातून निघालं, "दोन सुलट, दोन उलट." पलीकडे थोडा वेळ खटखट ऐकू आली. मग तो माणूस म्हणाला, "हो मॅडम, झाला चालू. थँक्यू." मी आजवर सांगितलेला एवढा अचूक उपाय दुसरा नसेल.

पहिला मोजा तयार झाला आणि तो मोजा नव्हताच. त्यात आत्यांचे दोन्ही पाय मावले असते, वर कोंबडीही मावली असती. मामांनी तो डोक्यावर चढवला, कानापर्यंत ओढला आणि दूध घालायला निघून गेले. परत आल्यावर म्हणाले, "लय झाक. दोगांनी इचारलं कुटं मिळंल." मी तो टोपीच्या नावानं सोडून दिला आणि नव्यानं टाके घातले, कमी.

मग आली टाच. मोजे विणणाऱ्या बाईचं खरं घोडामैदान म्हणजे टाच. तोवर नळी सरळ खाली येत असते, आणि एका जागी तिला वळवायचं असतं. नुसते टाके कमी करायचे, मधूनच उलटं फिरायचं, आणि कुठल्या तरी ओळीला ती नळी आपसूक कोपऱ्यात वाकून टाचेसारखी वाटी होते. व्हिडिओत सोपं दिसायचं. माझ्या हातात आठवडाभर नुसता गुंता व्हायचा, मी उसवायचे, परत घालायचे. एक दिवस संध्याकाळी लोणावळ्याहून परत येताना लोकलमध्ये बसले होते, सुई फिरवली, आणि बघते तर माझ्या मांडीवर चक्क एक टाच! गोल, गुबगुबीत, लाल टाच!

"वळली!" मी किंचाळले. "टाच वळली!"

समोरच्या मावशी घाईनं उठल्या. "पायात गोळा आला का गं? दाबून देऊ?"

मी त्यांना टाच दाखवली. त्यांनी पिशवी बाजूला ठेवून ती हातात घेतली, आत बोट घालून फिरवलं, शेजारणीला दिली, तिनं पलीकडे दिली. सगळा डबा माझी टाच बघत होता, आणि मी लग्नात नवरीनं हसावं तशी नुसती हसत होते. मळवली कधी गेली ते कळलंच नाही. कामशेतला उतरले आणि उलट गाडीची वाट बघत फलाटावर एकटीच हसत बसले. नवऱ्याचा फोन आला, "कुठं आहेस?" म्हटलं, "टाचेत."

तो मोजा पूर्ण झाला त्या संध्याकाळी मी आत्यांना पाटावर बसवलं. पाय घातला. गेला की! लोकर मऊ, जोडव्यांवरून ताणून गेली, कुठं फाटली नाही. आत्या ओसरीत चालून आल्या. "गरम हाय," म्हणाल्या. एवढंच. पण मी जग जिंकल्यासारखं सगळ्यांकडे बघून घेतलं. "आता काढा."

निघेना.

ओढला, तर आत्या "आई गं!" करून ओरडल्या. जोडव्यांच्या वेढ्यांत लोकरीचे टाके आतून जाऊन बसले होते आणि ओढावं तसे आणखी घट्ट होत होते. ज्या जोडव्यांपायी हा सगळा उपद्व्याप मांडला, त्यांचा मी विणताना एकदाही विचार केला नव्हता! माप घेतलं होतं माझ्या स्वतःच्या पायावर, माझ्या त्या तारेवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. यजमानांनी खोबरेल ओतलं. मामांनी साबण आणला. आता तेलाचा आणि साबणाचा मोजा झाला, पण पायातच राहिला. तोवर म्हैस ओरडायला लागली. आत्या उठल्या आणि एका पायात लाल टाचेचा मोजा घालून गोठ्यात गेल्या. म्हशीनं पायाकडे बघितलं आणि पान्हा चोरला. आम्ही सगळे दारात उभे राहून पोट धरून हसत होतो, आणि आत्या आतून ओरडत होत्या, "दात काय काडताय! या हिकडं, दूद न्हाई द्येत ही!"

मामा कात्री घेऊन आले तेव्हा माझं हसू थांबलं. "कात्री लावाल तर बघा," मी म्हटलं. मी ओसरीत खाली बसले, आत्यांचा पाय मांडीवर घेतला आणि सुईच्या टोकानं वेढ्यातून एक एक धागा सोडवायला लागले. आत्यांना ते सोसेना. "पाय नगं धरू. सुनंच्या मांडीवर पाय टेकवत्यात व्हय?" मी म्हटलं, "गप बसा." त्या बसल्या. त्यांच्या टाचेच्या भेगांत बोट जाईल, इतक्या खोल. मी धागे सोडवत होते आणि त्या बऱ्याच वेळानं आपणहून बोलायला लागल्या.

"आमच्या कुरवंड्याला गारा पडायच्या. आमी पोरी परकराच्या वट्यात गोळा करून पळायचो, आईला दावायला. घरी यीस्तवर नुसतं पानी. आई म्हनायची, आनलं काय तुमी, वटा वला केला निस्ता." मग थांबून म्हणाल्या, "तितला बर्फ पळत न्हाई म्हनं. हातात धरून बसलं तरी बसतोय."

मी मान वर केली नाही. केली असती तर मला रडू आलं असतं आणि हातातला धागा तुटला असता. मोजा निघाला, पण बोटांकडचा भाग सगळा उसवला होता.

आता मला हे मोजे व्हायलाच हवे होते. माझ्या शब्दासाठी नाही, त्या बाईसाठी. पण जोडव्यांचं करायचं काय? बोटं उघडी ठेवावीत तर डॉक्टर बोटांसाठीच सांगत होते. मी आठवडाभर घरातल्या प्रत्येक कापडाकडे संशयानं बघत फिरले. जोडव्यांवरून घसरेल असं काहीतरी आतून लावायला पाहिजे होतं. सुती कापड अडकलं. रेशमी ब्लाउजचं अस्तर अडकलं. आणि मग पेटी उघडली तर समोर माझा लग्नातल्या शालूचा परकर. सॅटिनचा, लाल, आणि इतका गुळगुळीत की त्यावर साडी म्हणून टिकत नाही. भर लग्नात सप्तपदी होईस्तोवर माझ्या निऱ्या तीनदा सुटल्या होत्या आणि माझी करवली पाठीमागून त्या धरून चालत होती. मी तो परकर आत्यांच्या बोटांना गुंडाळला आणि ओढला. सुर्रकन निघाला! परत गुंडाळला. सुर्रकन! आत्यांना गुदगुल्या झाल्या, त्या पाय झाडायला लागल्या, मी परत परत ओढत राहिले.

मी कात्री चालवली तेव्हा यजमान दारात होते. "लग्नातला परकर कापतेस?"

"का? तुम्ही नेसणार होता?"

ते आल्या पावली बाहेर गेले.

मोज्याचा पुढचा भाग नव्यानं विणला आणि त्यात परकराची छोटी पिशवी आतून टाचली. आत्यांनी मोजा घातला, काढला. घातला, काढला. मी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या. आत्यांनी मोज्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आन् दुसरा? येकच पाय जानार हाय का मनालीला?"

अगं बाई! दुसरा! सगळं परत पहिल्यापासून! मोज्याच्या नादाला लागलेल्यांना कुणी आधी हे का सांगत नाही, की पहिला झाल्याच्या आनंदात माणूस दुसऱ्यासाठी मेलेलं असतं? करडी लोकर संपत आली होती म्हणून दुसऱ्याची वरची पट्टी लाल, खाली करडा, टाच परत लाल. पहिल्याशी त्याचं काही म्हणता काही जुळत नव्हतं. मी विणत राहिले. आंबे आले, मी विणत राहिले. गटातल्या बायका येता-जाता खिडकीतून विचारायच्या, "कुटवर आलं?" जसं कुणाचं बाळंतपण विचारावं. अध्यक्षीणबाईंनी जागा धरून ठेवली होती, पण आत्यांचा हेका एकच. "दोन्ही मोजं झालं तर जानार. न्हाई तर न्हाई. तितं जाऊन निळी बोटं घिऊन बसू व्हय खोलीत?"

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर दारात आला तेव्हा दुसऱ्या मोज्याची बोटं बाकी होती. पुण्याहून दुपारची गाडी होती. आत्या पिशवी घेऊन उभ्या होत्या, आणि पिशवी धरायची त्यांची पद्धतच सांगत होती की परत घरात न्यायची त्यांची तयारी आहे.

"चढा," मी म्हटलं आणि सुया घेऊन त्यांच्या शेजारी बसले.

"तू कुटं?"

"पुण्यापर्यंत. चढा म्हटलं ना!"

असा प्रवास मी परत करणार नाही आणि परत परत करायला मिळाला तर नाही म्हणणार नाही. बायका गाणी म्हणत होत्या, चिवडा फिरत होता, प्रत्येक खड्ड्याला माझी सुई कुणाच्या तरी दंडाला टोचत होती आणि तिकडून किंकाळी येत होती. "थांबव रे भाऊ, टाका सुटला!" असं मी दोनदा ओरडले आणि ड्रायव्हरनं खरंच गाडी बाजूला घेतली. तळेगावच्या पुढं बोटांचे टाके बंद केले. मग परकराचा तुकडा आत बसवायचा, तर सुईत दोरा जाईना. एकीनं दोरा ओवला, दुसरीनं मोजा ताणून धरला, तिसरी मोबाइलचा उजेड आत दाखवत होती. आत्या मात्र खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मोज्याकडे एकदाही बघितलं नाही. हात मात्र पिशवीचा बंद पिळत होते.

पुणे स्टेशनाच्या बाहेर, गाड्यांच्या गर्दीत, मी शेवटची गाठ मारून दोरा दातानं तोडला. आत्यांनी दोन्ही मोजे चढवले. एक बुटका, एक उंच, एक करडा, एक निम्मा लाल. मग दोन्ही काढले. निघाले. परत चढवले. परत काढले. निघाले! बायकांनी असा गलका केला की हवालदार बघायला आला. आत्यांनी मोजे घडी करून पिशवीत सगळ्यात वर ठेवले, बंद ओढला आणि म्हणाल्या, "चला गं. गाडी सुटंल." आणि माझ्याकडे वळूनही न बघता फलाटाकडे चालायला लागल्या. मी रिकाम्या सुया घेऊन तिथंच उभी. इतकी खूश, की एका अनोळखी रिक्षावाल्याला सांगितलं, "माझ्या सासूबाई बर्फ बघायला चालल्यात."

पुढचे दिवस माझे फोनकडे बघण्यात गेले. पोचलो म्हणून निरोप आला. हॉटेल बरं आहे म्हणून आला. आणि मग एका सकाळी मी ऑफिसला निघत असताना व्हिडिओ कॉल आला. आधी नुसतं पांढरं. मग अध्यक्षीणबाईंचा कान. मग आत्या. डोक्यावरून शाल, नाक लाल, हातात बर्फाचा एवढा मोठा गोळा, आणि तोंडभर हसू. असं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मामांनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि फोन आणखी जवळ ओढला.

"आत्या, बोटं कशी आहेत?"

"गरम. लय गरम. ह्ये बघ." आणि फोन खाली गेला.

बर्फात दोन पाय. एक करडा, एक लाल पट्टीचा. नुसते मोजे. बूट नाहीत!

"आत्या! बूट कुठायत?"

"हायेत की, हितं ठिवल्यात बाजूला. हितल्या दुकानवाल्यानं भाड्यानं दिल्यात."

"अहो मग घाला! भिजतील मोजे! बोटं निळी पडतील! डॉक्टर काय म्हणाले होते? आत्ताच्या आत्ता घाला!" मी घर डोक्यावर घेतलं. मामा मला गप्प करत होते.

आत्यांनी फोन परत तोंडासमोर आणला. त्यांच्या मागं तीन-चार बायका उभ्या होत्या, आमच्या गटातल्या नव्हेत, कुठल्या तरी परक्या, आणि वाकून खाली बघत होत्या.

"वरडू नगं," आत्या म्हणाल्या. "घालते. पर ह्या बाया इचारत्यात मोजं कुटनं घेतलं. बुटात घातल्यावर माज्या सुनंनं इनल्यात म्हनून दावू कसं? त्या पल्याडच्या बाईनं आजून बघितलं न्हाई. तिला बघू दे, मग घालते."